पुठ्ठ्याची मैना

॥ श्री ॥

सातारा, ता. ४ ऑगस्ट १९७४

चि. जोतीरामास आक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर उताराला लागलंय म्हणून हसू नकोस. उताणी पडून, पाटी छातीवर धरून लिहितेय. चौथा महिना लागला तसा डॉक्टरीणबाईंनी पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि ह्यांना समोर बसवून सांगितलं, की बाळंत होईपर्यंत हिनं पलंग सोडायचा नाही. मागच्या दोन्ही खेपा पाचव्यात हातच्या गेल्या, आता हयगय झाली तर पुढं मूल होईल याची खात्री नाही. पलंगाच्या पायथ्याला दोन्ही खुरांखाली विटा लावल्यात. डोकं खाली, पाय वर. अशी पंधरा दिवस पडलेय आणि अजून सहा महिने पडायचंय.

खिडकी उंचावर आहे. तिच्यातून अजिंक्यताऱ्याचा एवढासा तुकडा दिसतो, बाकी सगळा पत्रा. सासूबाई पाण्यापासून भांड्यापर्यंत सगळं हातात देतात, पण बोलत नाहीत. घाबरल्यात. दोनदा कुंची शिवून ठेवली आणि दोनदा ती ट्रंकेच्या तळाला गेली. हे पहाटेच एसटी घेऊन निघतात. सध्या सातारा-सांगली फेरी लागलीय, म्हणजे दाजी तुझ्या गावात रोज जेवतात आणि मी तुला महिनोन्महिने बघत नाही.

आप्पांचं कार्ड होतं. वसतिगृहाचे रेक्टर नाथाजीमामा पलटणीतले दोस्त आहेत, तिथं पोरगं सरळ राहील, इंजिनेर नाहीतर लष्करात साहेब होईल, असं लिहिलंय. तू सायन्सच्या वहीत बेडूक काढतोस तेव्हा त्याला फेटा बांधत नाहीस ना?

एक मागू? आप्पांनी अंबाल्याहून बूट गुंडाळून आणले होते ते इंग्रजी मासिक आठवतं? त्यात कापून काढायची बाई होती आणि तिचे झगे. आई असताना आपण दोघांनी ती पार फाटेपर्यंत खेळवली. तशी एक काढून पाठव. चोवीस वर्षांची घोडी बाहुली मागतेय म्हणशील. म्हण, पण पाठव. दिवस सरत नाही रे.

माया आहे ती तशीच राहू दे.

तुझी राहीआक्का

सांगली, ता. ११ ऑगस्ट १९७४

सौ. आक्कास जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

सोबत पुठ्ठ्याची बाई पाठवलीय. मेसमधलं जुनं कॅलेंडर चिकटवून तिला ताठ केलंय. नाव तू ठेव. तिचे पोशाख तीन आहेत. प्रत्येकाला खांद्यावर आणि कमरेला पांढऱ्या पट्ट्या सोडल्यात, त्या मागं दुमडल्या की कपडा अंगावर बसतो. पट्ट्या कापून टाकू नकोस, लहानपणी तू तेच करायचीस आणि मग रडायचीस.

झगे काढले नाहीत. म्हटलं, आपण लुगडी काढू. पण लुगडं फार अवघड निघालं. नऊवारीचा काष्टा मागं, आणि कागदी पोशाखाला मागची बाजूच नसते. चार कागद फाडले. शेवटी बाईलाच जराशी कुशीवर वळवून उभी केली, तेव्हा काष्ट्याची कड दिसायला लागली. दुसरा पोशाख पेशवाईतल्या सरदारणीचा, शालू आणि खांद्यावर शेला. तिसरा देवळाच्या खांबावर कोरलेल्या बाईवरून घेतलाय. ती खांबावर नुसत्या दागिन्यांवर उभी आहे, मी आपला तिला एक उपरणं दिलं. दाजींच्या घरी पाठवायचं म्हटल्यावर भीड वाटली.

इथं पाचला घंटा होते, सातला फाटक लागतं. त्यानंतर मुतारीला जायलासुद्धा नाथाजीमामांना दिसेल असंच जावं लागतं. माझ्या खोलीत जतकडचा सिद्धू आहे. त्याच्या घरची मेंढरं आहेत. तो म्हणतो, आमची मेंढरंसुद्धा वाघुराच्या जाळीत एवढी दाटीनं बसत न्हाईत. अभ्यास चालू आहे. कसा ते विचारू नकोस.

तू उठू नकोस. तुझी आठवण रोज येते.

तुझा जोती

सातारा, ता. २ सप्टेंबर १९७४

चि. जोतीस आशीर्वाद, वि. वि.

तिचं नाव मैना. दिवसभर माझ्या छातीवर उभी असते. सकाळी साधं लुगडं, दुपारी शालू, आणि कोणी नसलं की उपरणं. ह्यांना एकदा दाखवली. ह्यांनी उपरणंवाली बघून कानाची पाळी धरली आणि म्हणाले, तुझा भाऊ कॉलेजात जातो का लेण्यांत? पण हसले. किती दिवसांनी ह्या घरात कोणी हसलं.

सासूबाईंना दाखवली नाही. त्या आल्या की उशीखाली सारते. का ते मलाच कळत नाही. त्या दिवसातून दहादा देवाला विचारतात आणि प्रत्येक गोष्टीला भितात. परवा खिडकीत पारवा घुमला तर त्याला हाकलायला काठी घेऊन उभ्या.

आता पुढचं मागणं. आई सांगायची ती गडावर कोंडलेली हौसाराणी आठवते? राजा तिला बुरुजात कोंडतो आणि ती रोज वेगळा वेश करून एकेक दरवाजा ओलांडते. पहिल्या दरवाज्याला दळणवाली, दुसऱ्याला कासारीण, तिसऱ्याला दरबारातली बेगम आणि चौथ्याला चक्क पहारेकरी, अंगरखा, तलवार, मिशा सगळं. ते चारही वेश काढ. बेगमेचा घोळदार पेशवाज मला हवाच. आणि मिशा वेगळ्या काप, मला त्या मैनेला स्वतः लावायच्या आहेत.

बाळ हललं. अजून कोणाला बोलले नाही, तुलाच पहिलं सांगितलं.

तुझ्या पत्रावर जगते, तेवढं ध्यानात असू दे.

आक्का

सांगली, ता. २२ सप्टेंबर १९७४

सौ. आक्कास सा. न. वि. वि.

बाळ हललं हे वाचून मी मेसमध्ये दोन भाकरी जादा खाल्ल्या. मावशींनी कारण विचारलं, सांगितलं नाही.

हौसाराणीचे चारही वेश पाठवतोय. आणि ऐक. आमच्या मागच्या गल्लीत भाऊसो म्हणून एक आहेत, त्यांचं नाटकाला कपडे भाड्यानं द्यायचं दुकान आहे. बाहेरून बघत उभा होतो तर त्यांनी आत बोलावलं. आत काय आहे म्हणून सांगू! छतापर्यंत अंगरखे, पगड्यांच्या रांगा, लाकडी तलवारी, राण्यांचे शालू. भाऊसोंनी एक अंगरखा उलटा करून दाखवला. वरून सगळी जर आणि आतून साधा मांजरपाट. मी पहारेकऱ्याचा वेश दाखवला तर चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, चित्र झ्याक हाय, पर ह्या गड्यानं तलवार उपसली तर काखेत टरकंल. काखेत जादा कळी घाल. मग कापडाचा तिकोनी तुकडा शिवणीत बसवून कळी कशी घालायची ते दाखवलं. आक्का, आजवर मला कोणी शिकवलेलं एवढं पटकन कळलं नव्हतं.

आता दुपारी तिथंच असतो. त्यामुळं केमिस्ट्रीची प्रॅक्टिकलं बुडाली. भरून काढीन.

लाल आणि पिवळ्या रंगाच्या वड्या संपल्या. म्हणून बेगमेचा पेशवाज कुंकू कालवून रंगवलाय आणि राणीची अंगकांती हळदीनं. सांगलीत हळदीला काय तोटा. मैनेची नवी थोरली बहीणही केलीय, तीच ही. पाकिटात हलू नयेत म्हणून सगळे वेश तिच्या पोटाशी टाचण्यांनी टोचून पाठवतोय. सोडवताना बोट सांभाळ.

लोभ दुप्पट कर, आता मामा होणार आहे.

जोती

सातारा, ता. १० ऑक्टोबर १९७४

चि. जोतीस आशीर्वाद.

हे पत्र मिळताच तुझी पत्र्याची पेटी कुठंतरी लपव. भाऊसोंकडं नेऊन ठेव. आधी ते कर, मग पुढचं वाच.

काल सासूबाई चादर बदलायला आल्या. मी झोपेत होते. उशीखाली नवी बाहुली होती, वेश हरवू नयेत म्हणून खेळून झाल्यावर मी ते पुन्हा तिच्या पोटाशी टाचून ठेवले होते. त्यांच्या हाताला लागली ती हळदीनं पिवळी, कुंकवानं लाल आणि पोटात पाच टाचण्या. त्या अशा ओरडल्या, की शेजारच्या बायका धावत आल्या. माझ्या सुनंवर कुणी करणी केली, म्हणून त्यांनी कपाळ बडवून घेतलं. मी हातापाया पडून सांगत होते, की माझ्या भावानं काढलीय, खेळणं आहे. पण आडव्या पडलेल्या माणसाचं कोण ऐकतं? मैना आणि ती दोघी, सगळे पोशाख, त्यांनी लिंबू-नारळासकट पदरात बांधले आणि माहुलीला जाऊन नदीत सोडले. आल्यावर डोक्यावरून न्हाल्या आणि माझ्या पायाशी बसून रडल्या. मला त्यांचा रागही धड येईना. बाईनं दोन नातवंडं मातीत दिलीत.

संध्याकाळी ह्यांनी समजावलं तेव्हा करणीचं भूत गेलं, पण दुसरंच आलं. बाप्या गड्यानं बाहुल्या काढाव्यात? कॉलेज शिकायला ठेवलाय का त्याला कुणी नादी लावलाय? शेजारच्या मास्तरांकडून सासूबाईंनी आप्पांना कार्ड लिहवून घेतलं. ते आज गेलंसुद्धा.

माझ्या हौसेपायी हे झालं. मला माफ कर.

आक्का

सांगली, ता. २१ ऑक्टोबर १९७४

सौ. राहीबाई यांस जोतीरामचा नमस्कार वि. वि.

मी येथे खुशाल आहे. अभ्यास व्यवस्थित चालू आहे. ती. आप्पा येऊन गेले. यापुढे पत्रे रेक्टरसाहेबांना दाखवून पाठवायची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी वसतिगृहातच राहून मागे पडलेला अभ्यास पूर्ण करणार आहे. प्रकृतीस जपावे.

कळावे.

जोतीराम मानसिंग

सातारा, ता. ३ नोव्हेंबर १९७४

चि. जोतीस,

हे पत्र दाजींच्या हाती देतेय. त्यांनी मला नियम सांगितला, की ड्रायव्हरनं टपाल न्यायचं नसतं, आणि मग खाकी शर्टाच्या आतल्या खिशात घातलं. उत्तर त्यांच्याजवळच दे.

तुझं कार्ड मी दहादा वाचलं. राहीबाई यांस? तू आजवर मला नावानं कधी हाक मारलीस रे? काय झालं ते सगळं लिही. मला जपून सांगू नकोस. इथं सगळेच मला जपून सांगतात आणि मी पत्र्याकडं बघत उरलेलं मनानं भरत बसते. ते जास्त वाईट असतं.

आक्का

सांगली, ता. ५ नोव्हेंबर १९७४

आक्का,

स्टँडवर दाजींच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून लिहितोय. दाजी खाली उभे आहेत, कोणी येतंय का बघत.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच आप्पा आले. पहाटेची आंघोळीची वेळ होती. माझ्या खाटेखालची पेटी काढली आणि नाथाजीमामांच्या टेबलावर उघडली. एक्केचाळीस पोशाख होते. आप्पांनी एकेक उचलून बघितला, घाई केली नाही. पहारेकऱ्याच्या अंगरख्याची नक्कल होती ती जरा जास्त वेळ धरली. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी एवढंच विचारलं, की हे तूच काढलंस? मी व्हय म्हणालो. मग नाथाजीमामांनी सहामाहीचे मार्क पुढं केले. केमिस्ट्रीत अकरा.

आप्पा म्हणाले, बंबाकडं चल.

माझ्याच हातानं घालायला लावले. बादल्या घेऊन पोरं रांगेत उभी होती. कुणीतरी बाईचा आवाज काढून हसलं. आप्पांनी नुसतं वळून बघितलं, तसं ते गप्प झालं. पण मला थांबू दिलं नाही. पेशवाज, शालू, जामे, शेले, सगळं गेलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या बंबाच्या पाण्यानं मग पोरांनी आंघोळी केल्या. सिद्धू मात्र त्या दिवशी गार पाण्यानं न्हाला. मी बघितलं.

आता कॉलेज ते वसतिगृह, नाथाजीमामांच्या सायकलीच्या पुढं. भाऊसोंच्या गल्लीनं जायचं नाही. पेन्सिल धरली तर हात चालत नाही. कुपवाडला कारखान्यांत पोरं घेतात म्हणे. तिथं जावं, नाहीतर दाजींच्या गाडीत बसावं आणि ती जाईल तिथं उतरावं, असं रोज वाटतं.

दाजी खालून पत्र्यावर थाप मारतायत.

जोती

सातारा, ता. २० नोव्हेंबर १९७४

तीर्थरूप आप्पांच्या चरणी राहीचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आप्पा, आयुष्यात पहिल्यांदा तुम्हांला उलट लिहितेय. वाचून मग फाडा.

जोतीनं त्या बाहुल्या माझ्यासाठी काढल्या. मी मागितल्या म्हणून. शिक्षा द्यायची तर मला द्यायची होती. चार महिने झाले, मी उताणी पडून आहे. अंगाखालचं दुसरं माणूस काढतं. कूस बदलायची तर विचारून. अशात रोज सकाळी डोळे उघडावेत असं एकच कारण होतं, पाकीट येणार आणि त्यात काहीतरी नवं असणार. डॉक्टरीणबाईंच्या टाक्यानं बाळ धरून ठेवलं असेल, मला त्या पोरानं धरून ठेवलं.

त्यानं सगळं स्वतःच्या हातानं जाळलं हे कळलं त्या दिवशी मी उठले. हो, उठले. सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. विचार केला, स्टँड गाठायचा, सांगलीला जायचं आणि त्याला घेऊन यायचं. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत गेले. सात पावलं. तिथं लुगड्याला लाल ठिपका दिसला. मी तिथंच बसले आणि सासूबाई येईपर्यंत हलले नाही. दोघींनी मिळून कसाबसा पलंग गाठला. तीन दिवस काही खरं नव्हतं. आता थांबलंय. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आप्पा, मला इथून उठता येत नाही आणि त्याला तिथून निघता येत नाही. माझं निदान पोटातल्या जिवासाठी आहे. त्याचं कशासाठी? त्याला ते शास्त्र येत नाही. लष्करात जायचं त्याच्या मनात नाही. मागच्या गल्लीत भाऊसो म्हणून नाटकाचे कपडे करणारे आहेत, त्यांच्याकडं तो जे शिकला ते मला पत्रात सांगताना त्याचं अक्षरसुद्धा बदललं होतं. एकदा त्यांना जाऊन विचारा. मग जे ठरवाल ते मी मान्य करीन.

रागावलात तरी लेक म्हणून मनातून काढू नका.

आपली राही

मु. पो. मळा, ता. वाळवे

दि. २ डिसेंबर १९७४

चि. सौ. राहीबाईस आप्पाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. फाडलं न्हाई. लिवायला मला येळ लागतो, तवा उशीर झाला.

तू परत उठायचं न्हाई. हुकूम समज.

जोतीचं म्हणशील तर मी त्याचा बाप हाय, दुश्मन न्हवं. आमच्या पलटनीत एक पोरगं हुतं. बड्या खान्याला, म्हंजी समद्या पलटनीच्या जेवणाला, नाटक व्हायचं, त्यात ते बाईचं काम करायचं. लय सुंदर करायचं. साहेब लोक उठून टाळ्या वाजवायचे. पर स्टेजवरनं खाली उतरल्यावर बाकीच्या जवानांनी त्याचं काय केलं ते म्या बघितलं हाय. मी बी हसलो हुतो त्यात. एक दिस ते पोरगं बॅरक सोडून गेलं, पुन्हा आलं न्हाई. त्या पेटीत बायकांची कापडं बघितली आन् मला त्येच पोरगं दिसलं. म्हणून जाळलं. त्याला बी तसं कुणी हसू नये म्हणून.

पोरं रांगेत हसली तवा माझ्या ध्यानात आलं, की हसायला मीच लावलं.

आता झालं ते झालं. परीक्षा त्याला द्यावीच लागंल. म्होरलं म्होरं बघू. तू पडून ऱ्हा. हितं ऊसतोड चालू हाय.

मानसिंग

सांगली, ता. २८ डिसेंबर १९७४

सौ. आक्कास सा. न.

दाजींनी तुझी तब्येत सांगितली. उठली होतीस हेही सांगितलं. ते सासूबाईंनी त्यांना सांगितलं आणि सांगताना रडल्या म्हणे. माझ्यासाठी असं करू नकोस. मी कुपवाडला जाणार नाही, कुठंच जाणार नाही, शब्द देतो. तू तिकडं पडून राहशील तोवर मीही इथं बसून राहीन.

परवा भाऊसो रस्त्यात भेटले. नाथाजीमामा मागं होते म्हणून मी मान खाली घातली. भाऊसोंनी मला ओळख दाखवली नाही, नुसते जवळून जाताना पुटपुटले, की कळी इसरू नगंस. दिवसभर तेच डोक्यात होतं. वहीच्या मागं एक काढायला घेतली आणि खोडली.

फाटक सातलाच लागतं. थंडीत सहालाच अंधार होतो, मग बाहेर असूनही तो एक तास आत असल्यासारखाच जातो.

तुझा जोती

पोस्टकार्ड. सातारा, ता. १९ जानेवारी १९७५

चि. जोतीराम यांस दाजीचा आशीर्वाद. तुमची बहीण आज सकाळी सुखरूप बाळंत झाली. मुलगी. तीन आठवडे आधी आली, वजन पावणेपाच पौंड, पण आवाज एसटीच्या हॉर्नासारखा आहे. आई पेढे नको जिलेबी म्हणते. गुरुवारच्या फेरीला घेऊन येतो. रेक्टरसाहेबांना सांगून स्टँडवर यावे.

लालासाहेब

सातारा, ता. २० फेब्रुवारी १९७५

चि. जोतीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

विटा काढल्या. पहिल्या दिवशी सपाट पलंगावर झोपले तर पाय खोल कुठंतरी चालल्यासारखे वाटले. आता भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते. पायात जोर नाही, मांड्या पोरीच्या मांड्यांएवढ्या झाल्यात. पोरगी तुझ्यावर गेलीय, कपाळावर आठी घालून जगाकडं बघते. बारसं सव्वा महिन्यानं.

गेल्या रविवारी आप्पा आले होते. उसाचा रस आणि काकवी घेऊन. नात मांडीवर घेतली ती अशी, जशी बंदूक घेतात, दोन्ही हात ताठ. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, पावणं, ते कार्ड मी धाडलं. मी भ्याले हुते. पोराचा काई दोष न्हाई, म्हाताऱ्या बाईची चूक पदरात घ्या. आप्पांनी मान हलवली. मला वाटलं, आता काही म्हणावं, पण मी ठरवलं होतं, की पुन्हा विनवायचं नाही. लिहायचं ते लिहून झालं होतं.

जाताना उंबऱ्यापाशी थांबले आणि मला विचारलं, की सात पावलं म्हणजे इथपर्यंत? मी हो म्हणाले. ते त्या जागेकडं बघत उभे राहिले, मग पायतणं घालून गेले. तुझ्याबद्दल अक्षर नाही. तेव्हा मी तुला काही आशा लावत नाही. जे घडलं ते कळवलं.

भाची वाट बघतेय. जीव लावायला उशीर करू नकोस.

आक्का

सांगली, ता. ९ मार्च १९७५

सौ. आक्कास आणि धाकटीस जोतीचा नमस्कार आणि पापा, वि. वि.

आज रविवार. सकाळी आप्पा आले. फेटा बांधून, कोट घालून, कोटावर पदकांच्या फिती. नाथाजीमामांशी बाहेर उभ्यानं बोलले आणि मला म्हणाले, पायात घाल आन् चल. मला वाटलं, गावी ऊस तोडायला नेतायत. कपडे घ्यायचे का विचारलं तर म्हणाले, काय गरज न्हाई. ते पुढं, मी मागं. फाटकातून बाहेर पडलो आणि आप्पा स्टँडकडं न वळता मागच्या गल्लीत वळले.

भाऊसोंच्या दुकानाच्या पायरीवर आप्पा सावधान उभे राहिले. भाऊसो इस्त्री करत होते, त्यांना वाटलं पोलीस आले. आप्पा म्हणाले, मी सुभेदार मानसिंग. हा माझा पोरगा. ह्याला तुमचं काम येतं असं माझी लेक म्हणती. मला त्यातलं कळत न्हाई. तुमी माझ्याकडं बघू नका, माझ्या वयाकडं बघू नका, येतं का न्हाई ते खरं सांगा. न्हाई म्हणालात तर मी ह्याला परत नेतो आन् पुन्यांदा हा विषय निघणार न्हाई.

आक्का, पाच महिने मी धड रेघ ओढली नव्हती.

भाऊसोंनी इस्त्री बाजूला ठेवली. चष्मा पुसला. म्हणाले, तोंडी काय सांगू? पुढच्या महिन्यात एका नाटकाला सरदाराचा अंगरखा द्यायचाय. नट तुमच्याच चणीचा हाय, पर तो पुण्याला असतोय. पोरानं तुमचं माप घ्यावं आन् हितंच कागदावर कापणीचा बेत काढावा. मग सांगतो. आणि माझ्या हातात टेप आणि खडू दिला.

आप्पांनी कोट काढला. फेटा काढून खुंटीला लावला. सदऱ्यावर उभे राहिले. मी जवळ गेलो. आठवतं तसं मी त्यांच्या एवढ्या जवळ कधी गेलो नव्हतो. नमस्काराला वाकतो तेवढंच. खांदा घेतला, पाठ घेतली, बाही घेतली. हात वर करायला सांगितलं तर त्यांनी दोन्ही हात असे आडवे ताठ केले, की भाऊसो हसू दाबून इस्त्रीकडं वळले. काखेत हात घातला तेव्हा सदरा घामानं ओला होता. त्यांनाही भीती वाटत होती, आक्का.

काखेची कळी केवढी घ्यायची ते मी भाऊसोंना न विचारता सांगितलं. भाऊसोंनी लिहून घेतलं. कंबर झाली. घेर झाला.

भाऊसो काय म्हणाले ते आधी सांगून टाकतो. बेत बघून त्यांनी आप्पांना चहा मागवला आणि म्हणाले, परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी पाठवा. आप्पांनी एवढंच सांगितलं, की परीक्षेला बसंल, नापास झाला तरी चालंल, पर बसंल. आन् गावात इतक्यात कुणाला सांगायचं न्हाई. त्या बंबाबद्दल ते काही बोलले नाहीत. बोलतील असं वाटतही नाही. मीही ते विसरलोय असं तुला खोटं लिहिणार नाही. फाटक आजही सातलाच लागलं.

पण मला तुला दुसरंच सांगायचंय. शेवटी छातीचं माप राहिलं होतं. टेप मागून पुढं आणली, आणि ती अंगाला लागल्याबरोबर आप्पांनी श्वास भरून छाती फुगवली. एकवीस वर्षं पलटणीत तेच केलं, टेप लागली की छाती वर. आकडा एकोणचाळीस आला. असा अंगरखा शिवला तर नटाच्या अंगावर गोणीसारखा लोंबेल. मी भाऊसोंकडं बघितलं. त्यांनी मुद्दाम मान वळवली. मग मीच म्हणालो, आप्पा, श्वास सोडा.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग सोडला. हळूहळू, सगळा. छाती खाली बसत गेली, खांदे उतरले आणि माझ्या हातातली टेप तीन इंच ढिली पडली. समोर एक म्हातारा माणूस उभा होता. मी टेप पुन्हा ओढून अंगासरशी धरली आणि आकडा सांगितला.

छत्तीस.

धाकटीच्या टाळूला तेल घालशील तेव्हा एक बोट माझ्या वाटणीचं घाल.

तुझा जोती